नवी गाणी आणि आपण

नव्या मराठी गाण्यांवर दोन आक्षेप घेतले जातात : त्यांना ना चित्रपटाचा आधार, ना काव्याचा. पहिला आक्षेप आम्हांस मान्य नाही. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले 'गीतरामायण' तरी कोणत्या चित्रपटातले होते? भावगीतही चित्रपटाबाहेरच बहरले.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. २०२४ मधील संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' बोलीच्या गोडव्यामुळे चटकन ओठांवर बसते. पण त्यातील भाव साजशृंगारापलीकडे फारसा जात नाही. त्याच वर्षीच्या क्रेटेक्स व श्रेयस यांच्या 'तांबडी चामडी'त पाश्चात्य नृत्यसंगीताचा ठेका मराठी शब्दांना चपखल बसला आहे. मात्र ठेका भरघोस, शब्द मोजके.

तरीही नाके मुरडण्यापूर्वी आपण विचार करावा. येथे व्हाइटफील्डमध्ये आपली मुले शाळेत इंग्रजी आणि खेळताना हिंदी-कन्नड बोलतात. कोणी न सांगता ती मराठी उच्चारतात, ती बहुधा अशा गाण्यांतच. ते गाणे थांबविले, तर तेवढी मराठीही थांबेल. म्हणून त्यांचे गाणे आधी आपण ऐकावे, अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगावा आणि मग आपल्या आवडीचे एखादे गाणे त्यांना ऐकवावे.