सेकंड हँड बाइक घेतलीत? आधी ब्रेक ऑइल बघा

आजचा भाग छोटा आहे, पण जुनी बाइक घेतलेल्या किंवा घेणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. प्रश्न नेहमीचाच: ऑइल किती किलोमीटरला बदलायचं?

आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. पण जुन्या गाडीत समजा 'दर पाच हजारला' असं ठरवलं, तर ते पाच हजार मोजायचे कुठून? गाडी किती पळाली ते मीटर सांगतो, ऑइल कधी बदललं ते नाही सांगत.

मी २०२१ मध्ये पुण्यात २०१६ ची एक १५० सीसी बाइक घेतली. विकणारा म्हणाला, "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय." बिल मागितलं, तर नव्हतं. इंजिन ऑइल खरंच नवं होतं. पण हँडलवरच्या डबीतलं ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट! सर्व्हिसिंग म्हणजे इंजिन ऑइल, एवढंच बऱ्याच लोकांच्या डोक्यात असतं.

म्हणून माझा नियम सोपा आहे. बिल नाही, म्हणजे बदललेलं नाही. गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात सगळं नवं भरायचं, तारीख आणि किलोमीटर फोनमध्ये लिहून ठेवायचे, आणि तिथून मोजायला सुरुवात करायची.

आता एकेक बघू.

इंजिन ऑइल मॅन्युअलमधल्या किलोमीटरप्रमाणे बदला. गाडी कमी चालत असेल तरी वर्षातून एकदा बदलाच. बहुतेक बाइकचा क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' लिहिलेलं बघा. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो. आणि ऑइल काळं दिसलं म्हणजे खराबच झालं असं नाही, आतली घाण धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. त्यामुळे रंगावर जाऊ नका, तारीख बघा.

कूलंट फक्त रेडिएटर असलेल्या गाड्यांना लागतं. पुढच्या शॉकअपमध्येही ऑइल असतं, ते सहसा कोणाच्या लक्षातच नसतं. ब्रेक मारल्यावर पुढचा भाग फार खाली बसत असेल, तर तेही बदलून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक ऑइल. डिस्क ब्रेक असेल तर साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं. गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी असली तरीही! कारण हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं 'डॉट ४' किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ च्या आसपास येते.

शहरात हे कळतच नाही. पण ताम्हिणी उतरताना, मागे कोणीतरी बसलंय आणि तुम्ही सतत ब्रेक दाबताय, तेव्हा डिस्क आणि कॅलिपर प्रचंड तापतात. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, मग लिव्हर थेट हँडलला टेकतो आणि ब्रेक लागतच नाही. काम अर्ध्या-एक तासाचं, खर्च काहीशे रुपयांचा, आणि ते टाळल्याची किंमत ही!

दोन गोष्टी लक्षात ठेवा. डबीतली लेव्हल कमी दिसली तर नुसतं वरून भरू नका. एक तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. आणि झाकणावर जो डॉट नंबर आहे तोच वापरा, तोही सीलबंद बाटलीतला. 'डॉट ५' नावाचं ऑइल सिलिकॉनचं असतं, ते 'डॉट ४' मध्ये अजिबात मिसळायचं नाही.

पुढच्या वेळी गाडी काढाल तेव्हा त्या डबीच्या काचेत एकदा डोकावून बघा. रंग गडद असेल, तर घाटाचा प्लॅन नंतर, आधी गॅरेज.

भेटू पुढच्या भागात. हेल्मेट घाला, सांभाळून चालवा!