एकाच तृतीयेच्या दोन गौरी



देहूच्या शेजारीं, इंद्रायणीच्या कांठीं तळवडें हें गांव आहे. एके काळीं शेतीवर नांदणाऱ्या या गांवाभोंवतीं आज कारखाने उभे आहेत, आणि पोटापाण्यासाठीं दूरदूरचीं कुटुंबें या परिसरांत येऊन राहिलीं आहेत. त्यांत राजस्थानची कुटुंबेंहि आहेत. त्यांच्या गणगौर या सणाविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे.

होळीच्या दुसऱ्या दिवशीं राजस्थानांतील मुली व सुवासिनी होळीची राख आणि माती कालवून पिंडी करतात, कुंड्यांत गहूं व जव पेरतात, आणि गौर व तिचा पति ईसर यांची पूजा मांडतात. नवविवाहितेनें तर ही पूजा सुमारें १८ दिवस नेमानें करावयाची असते. आपला हा फाल्गुन वद्य पक्ष. तिकडे महिना पौर्णिमेस संपत असल्यामुळें तोच चैत्र वद्य. शुद्ध पक्षांत मात्र दोन्ही पंचांगें जुळतात, आणि चैत्र शुद्ध तृतीयेस गणगौरीची सांगता होते. उदेपुरास पिछोला तलावाच्या घाटावर, बिकानेरास विहिरीकडे गौरीस वाजतगाजत नेतात. तिला पाणी पाजतात, आणि लेकीस सासरीं धाडावें तसा निरोप देतात.

त्याच तृतीयेस आपली चैत्रगौर झोपाळ्यांत बसते. ती माहेरवाशीण म्हणून येते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते. अंगणांत चैत्रांगण रेखाटतात. आंब्याची डाळ, कैरीचें पन्हें व भिजविलेले हरभरे देऊन हळदीकुंकू होतें. भिंतीच्या अलीकडे लेक माहेरीं येते, पलीकडे ती सासरीं निघते. तिथि मात्र एकच.

वाळवंटांतील माणूस विहिरीचें पाणी आधीं देवीच्या मुखीं लावतो. आपल्या दाराशीं तर नदी वाहते. पण गेल्या कांहीं वर्षांत आळंदीस इंद्रायणीवर रासायनिक फेस तरंगतांना लोकांनीं वारंवार पाहिला आहे. परप्रांतींची गौर या कांठीं आली, तर तिला ओंजळभर पाणी कोठलें द्यावयाचें? हा प्रश्न केवळ कारखानदारांचा नव्हे. घरोघरचें सांडपाणीहि अखेर नदीसच मिळतें.

तेव्हां येत्या तृतीयेस शेजारच्या राजस्थानी भगिनीस हळदीकुंकवास अवश्य बोलवावें, आणि तिच्या गौरीच्या पाठवणीस आपणहि जावें. दोघी मिळून नदीकांठीं उभ्या राहिल्या, म्हणजे त्या पाण्याची चिंता दोन्ही घरांची होईल.