पेटीतला सातबारा आणि आजचा सातबारा

भोर-वेल्ह्याकडं बचत गटाची बैठक कर्जाच्या हप्त्यावरून सुरू होते आणि जमिनीवर येऊन थांबते. एक ताई म्हणते, "मालक गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज दिला, पण मोबाईलवर माझं नाव काही दिसत नाही." दुसरी म्हणते, "माझी प्रिंट पेटीत आहे, मला काय काळजी!" आज आम्ही या दोघींसाठीच बोलणार आहोत.

महाभूलेखचं पहिलं पान सगळ्यांना सारखंच दिसतं. ते आधीच लिहून ठेवलेलं असतं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेल्या फलकासारखं. सातबारा तसा नसतो. आपण जिल्हा, तालुका, गाव निवडतो, गट नंबर टाकतो, मग संगणक नोंदींतून माहिती काढून तेव्हाच्या तेव्हा पान तयार करतो. एक डब्यातला लाडू, दुसरी मागितल्यावर थापलेली भाकरी.

आपल्या गटाच्या वहीत नाव, बचत, कर्ज असे रकाने असतात ना? संगणकांनी एकमेकांना माहिती द्यायची एक्सएमएल नावाची पद्धत अशीच आहे. प्रत्येक माहितीला तिच्या नावाची चिठ्ठी: हे खातेदाराचं नाव, हे क्षेत्र. नमुना तोच, मजकूर ज्याचा त्याचा. एक्सएमएल हा शब्द विसरलात तरी बिघडत नाही.

म्हणूनच कधी पहिलं पान पटकन उघडतं आणि सातबारा मात्र नुसता फिरत राहतो. नोंदींच्या संगणकावर गर्दी असेल, नाहीतर डोंगराआड रेंज नसेल. तेवढ्यावरून नाव उडालं असं समजून रडत बसू नका.

आता पेटीतली प्रिंट. कागदावर उतरला की सातबारा तिथंच थांबला. नंतर वाटणी झाली, बोजा चढला, कुणाचं नाव कमी झालं, तरी तो कागद बदलत नाही. त्यावरची तारीख आधी बघा.

आणि आजचा सातबारासुद्धा नोंदीइतकाच ताजा. अर्ज दिल्यावर तलाठी फेरफार धरतात, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. तोवर सातबाऱ्यावर नाव येत नाही. या नोटिसा 'आपली चावडी'वर बघायला मिळतात. दिरांनी वारसांत तुमचं नाव घातलंच नसेल, किंवा भावांनी बहिणीला वगळलं असेल, तर ते इथंच कळतं, आणि हरकत त्या 15 दिवसांतच, लेखी द्यायची. पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही, हे आम्ही पुष्कळदा पाहिलंय.

नुसतं बघायला पैसे पडत नाहीत, पण तो उतारा फक्त माहितीपुरता. बँकेत द्यायला डिजिटल सहीचा लागतो, त्याची सरकारी फी 15 रुपये.

पुढच्या बैठकीला गट नंबर चिठ्ठीवर लिहून आणा. ज्यांच्याकडं साधा फोन आहे, त्यांचा उतारा आणि चावडी आम्ही आमच्या फोनवर बघून देऊ.