कुणाचा टाळ वाजतोय?



आपल्या बचत गटातल्या बायका कधी तुळजापूरला जातात, कधी पंढरीच्या वारीला. निघताना सगळ्या हौसेनं निघतात. परत येताना मात्र दोघी-तिघी एकमेकींशी बोलत नसतात. असं का होतं? आज माझ्याच चुकीची गोष्ट सांगते.

ज्ञानोबा माउलींच्या पालखीसोबत आम्ही गटातल्या पाच जणी आळंदीहून निघालो. दिंडीची भिशी भरलेली, त्यामुळं जेवणाची, तंबूची काळजी नव्हती. आमच्याच तंबूत परभणीकडच्या दोघी जावा होत्या. ओळख ना पाळख. आम्ही पाच जणींनी आतली कोरडी जागा धरली, त्यांना दाराजवळची दिली. रात्री पाऊस आला, त्यांची अंथरुणं भिजली. मी जागी होते. बघितलं, आणि कूस बदलली.

पुणे ते सासवड हा लांबचा टप्पा. त्यात दिवेघाटाची चढण. आमच्यातल्या काकूंचा गुडघा धरला. त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, मी येते सावकाश." आम्ही झालो पुढं! बाई "तुम्ही व्हा पुढं" म्हणते, तेव्हा तिच्या मनात काय असतं, हे आपल्याला का कळत नाही? पण पाय चालत होते, भजन रंगलं होतं.

सासवडला अंधार पडला तरी काकूंचा पत्ता नाही. आमचा जीव टांगणीला. शेवटी आल्या, त्या परभणीच्या थोरल्या जावेच्या खांद्यावर हात टाकून. काकूंची पिशवी त्या बाईच्या डोक्यावर. आम्ही जिला दाराशी झोपवलं, तीच आमच्या माणसासाठी मागं थांबली होती.

त्यानंतर काकू आमच्याशी बोलेनात. आम्ही आपसात कुजबुजलो, "फुगल्यात. वारीचा आनंद घालवला."

मग जेजुरीच्या तळावर समाजआरती बघितली. सगळ्या दिंड्या उभ्या, टाळांचा नुसता गजर. चोपदारांनी चोप उंचावला की सगळे टाळ गप्प. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती आपले टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात. तेव्हा कुठं ते टाळ थांबतात, आणि आरती होते.

रात्री तंबूत काकू म्हणाल्या, "पोरींनो, माझा टाळ सासवडपासनं वाजतोय. एकीलाबी ऐकू आला नाही."

कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. मी उठून त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, "काकू, चुकलं आमचं." त्या म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ दे. आधी त्या दोघींची अंथरुणं आत घे."

दुसऱ्या दिवसापासून आमची रीत बदलली. काकू पुढं, आम्ही त्यांच्या चालीनं मागं. दाराजवळची जागा रोज एकीनं घ्यायची, पाळीपाळीनं. चालताना एक ओळखीची आणि एक नवी, अशी जोडी. चहापाण्याचा खर्च त्याच दिवशी वहीत लिहायचा. आणि झोपण्याआधी एकच प्रश्न, "कुणाचा टाळ वाजतोय का?" कधी कुणी म्हणायचं, "माझी बादली न विचारता नेली." एवढंच असायचं. पण ते त्याच रात्री मिटायचं. मनात राहिलं असतं, तर पंढरपुरापर्यंत त्याचं भांडण झालं असतं.

मैत्रिणींनो, रुसलेली बाई वाईट नसते. तिचं कुणी ऐकलेलं नसतं. तुमचा गट सहलीला निघो, नाहीतर मेळाव्याला, रोज रात्री हा प्रश्न विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. लगेच "काही नाही" असं उत्तर आलं, तर आणखी जरा थांबा.

परभणीच्या त्या जावांचा अजून फोन येतो. पहिलाच प्रश्न असतो, "काकूंचा गुडघा कसा हाय?"

राम कृष्ण हरी!