कलावंताचे उतारवय : आशालता वाबगावकर

सरकारी कारकुनाला पेन्शनीचा दिवस ठाऊक असतो. शाळामास्तराला असतो, आगगाडीच्या ड्रायव्हरालाही असतो. नटाला मात्र असा दिवस नेमून दिलेला नसतो. त्याने केव्हा थांबावे हे त्याचा आवाज, त्याची स्मरणशक्ती आणि त्याला येणारे बोलावणे ही तिघे मिळून ठरवितात. पहिल्या दोघी शाबूत असल्या आणि बोलावणे येत राहिले, तर नट वयाच्या ऐंशीव्या वर्षीही तोंडाला रंग लावून उभा राहतो. आपण प्रेक्षक त्याची तारीफ करतो आणि घरी जातो. त्या उतारवयातील श्रमाची किंमत काय, त्याची जोखीम कोणी उचलावयाची, हा प्रश्न सहसा आपल्या मनाला शिवत नाही. २०२० साली सातारा जिल्ह्यात घडलेल्या एका दुःखद घटनेने तो प्रश्न महाराष्ट्रापुढे उभा केला. फलटण तालुक्यातील हिंगणगाव येथे एका मालिकेचे चित्रीकरण चालू असताना ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांना कोरोनाची बाधा झाली, आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्याच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ७९ वर्षांचे होते.

आशालताबाईंचा जन्म १९४१ सालचा, मूळ गोव्याचे. ज्या भूमीने महाराष्ट्राला मास्टर दीनानाथांसारखे गायक-नट दिले, त्याच भूमीचा हा वारसा. शिक्षण मुंबईस झाले. पुढे सरकारी कचेरीत अर्धवेळ नोकरी करीतच त्यांनी पदवी घेतली आणि नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठातून मानसशास्त्र या विषयात एम. ए. केले. मुंबई आकाशवाणीवर त्यांनी कोंकणी गाणी गायिली. नोकरी, अभ्यास आणि गाणे अशी तिहेरी ओढाताण सांभाळणारी ही तरुणी दि गोवा हिंदू असोसिएशनच्या नाट्यशाखेत आली, आणि ‘संशयकल्लोळ’ नाटकातील रेवतीची भूमिका तिच्याकडे चालून आली. देवलांची रेवती म्हणजे गाण्याची, ठसक्याची आणि विनोदाच्या जाणिवेची एकदमच परीक्षा. ती परीक्षा उतरल्यावर पुढची दारे आपोआप उघडली.

१९६४ च्या मे महिन्यात त्याच संस्थेने वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ हे नाटक रंगभूमीवर आणिले. दिग्दर्शन मास्टर दत्ताराम यांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे. पराशराच्या भूमिकेत रामदास कामत आणि सत्यवतीच्या भूमिकेत आशालताबाई. संगीत नाटकाचे दिवस संपले असे जाणती माणसे सुस्कारा टाकून म्हणत होती, तो हा काळ. चित्रपटाने प्रेक्षक पळविला होता आणि रात्र रात्र चालणारी बैठक आता कोणाला झेपत नव्हती. अभिषेकींनी पदांची लांबी आवरती घेतली, रागदारीचा कस कायम ठेवून प्रसंगाच्या भावाला अग्रस्थान दिले. त्यामुळे गाणारीलाही आलापीत हरवून न जाता भूमिकेतच राहून गावे लागे. बाविशीतल्या आशालताबाईंना या नाटकात कोळ्यांच्या मुग्ध मुलीपासून हस्तिनापुरच्या राजमातेपर्यंतचा सारा प्रवास एकाच रात्रीत करावयाचा होता. पहिल्या अंकातील नाव वल्हविणारी मुलगी आणि शेवटच्या अंकातील, स्वतःच्या महत्त्वाकांक्षेची फळे भोगणारी स्त्री, या दोघी एकाच कंठातून प्रेक्षकाला ऐकू येत. त्यांनी गायिलेली या नाटकातील पदे रेडिओवरून आणि ध्वनिमुद्रिकांवरून घरोघर पोचली, आणि ज्यांनी नाटक कधी पाहिले नव्हते त्यांनाही हा आवाज ओळखीचा झाला. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘गर्द सभोवती’ हे नाव दिले, ते याच नाटकातील एका पदावरून.

येथपर्यंतचे चरित्र नायिकेचे आहे. परंतु नायिकेची वर्षे थोडी असतात, आणि त्यानंतरची वर्षे कशी काढावयाची हे कोणत्याही नाट्यशाळेत शिकवीत नाहीत. कित्येकींनी त्या वळणावर रंगभूमीला रामराम ठोकला. आशालताबाईंनी तसे केले नाही. ‘वाऱ्यावरची वरात’ सारखा हलकाफुलका खेळ असो की ‘गुंतता हृदय हे’ सारखे गंभीर नाटक असो, मिळेल त्या भूमिकेत त्या रमल्या, आणि नायिकेच्या जागेवरून चरित्रभूमिकांकडे त्यांनी खेद न करता पाऊल टाकिले.

हिंदी पडद्यावर त्यांचे नाव झाले ते बासू चॅटर्जी यांच्या ‘अपने पराये’ (१९८०) या चित्रपटाने. शरच्चंद्रांच्या ‘निष्कृती’ या कथेवर तो आधारलेला. अमोल पालेकर, शबाना आझमी, उत्पल दत्त, गिरीश कर्नाड अशी नामांकित मंडळी सभोवती असताना एकत्र कुटुंबातील थोरल्या जावेची भूमिका आशालताबाईंनी केली. त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर पुरस्काराकरिता त्यांचे नाव सुचविले गेले. एका मराठी संगीत नाटकातील गायिका-नटीने बंगाली घरातील गृहिणी इतक्या सहजतेने उभी करावी, याचे अनेकांना नवल वाटले. खरे पाहता त्यात नवल वाटण्याजोगे फारसे नव्हते. घर फुटू नये म्हणून सर्वांचे बोलणे गिळणारी थोरली जाऊ बंगालइतकीच महाराष्ट्रातही प्रत्येक मोठ्या वाड्यात होऊन गेली आहे. आशालताबाईंनी ती ओळखली, एवढेच.

त्यानंतर ‘नमक हलाल’, ‘वो सात दिन’, ‘अंकुश’ असे हिंदी आणि ‘उंबरठा’, ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘माहेरची साडी’ असे मराठी चित्रपट एकामागून एक येत गेले. त्यांच्या चित्रपटांची संख्या शंभराच्या पुढे गेली. बहुतेक भूमिका आईच्या, सासूच्या, आजीच्या. अशा भूमिकांना आपल्याकडे दुय्यम म्हणण्याची चाल आहे. पण तिचे काम काय असते ते पाहिले पाहिजे. पटकथेत आईच्या वाट्याला तीन किंवा चार प्रसंग येतात. तेवढ्यात तिने मुलाचे सगळे बालपण, नवऱ्याशी झालेला संसार आणि घराची आर्थिक स्थिती प्रेक्षकाला पटवून द्यावयाची असते, कारण ते दाखविण्यास चित्रपटाला वेळ नसतो. ती पटली नाही तर नायकाचे दुःखही पोकळ वाटते. आशालताबाईंना येथे संगीत रंगभूमीची शिस्त कामास आली. श्वास कोठे घ्यावा, वाक्याचा भार कोणत्या शब्दावर ठेवावा, थांबावे किती, हे ज्याला पदे गाता गाता कळलेले असते त्याला दोन ओळींचे संवादही पुरतात.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले, आणि मराठी नटाला तिसरे घर मिळाले. पुढे खाजगी वाहिन्या आल्या आणि रोज नवा भाग दाखविणाऱ्या मालिकांचे युग सुरू झाले. ‘महाश्वेता’ पासून ‘कुलवधू’ पर्यंतच्या मालिकांत आशालताबाई दिसत राहिल्या. मालिकेचे काम दुरून सोपे वाटते. प्रत्यक्षात ते गिरणीच्या पाळीसारखे असते. दिवसाचे बारा-बारा तास दिव्यांखाली काढावयाचे, संवाद आयत्या वेळी हाती पडावयाचे आणि ते पाठ करून लागलीच म्हणावयाचे. नाटकाला महिना दीड महिना तालीम मिळे. येथे तालमीला तासही मिळत नाही. तरुणाला थकविणारा हा धबडगा सत्तरी उलटलेल्या कलावतीने पत्करावा, यामागे उपजीविका असते, तशीच कामावाचून राहवत नाही ही खोडही असते. दोहोंपैकी एकीलाही हलके लेखण्याचे कारण नाही.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे सारी चित्रीकरणे थांबली. मे महिन्याच्या अखेरीस राज्य सरकारने ती पुन्हा सुरू करण्यास अटींवर परवानगी दिली. त्यांतील एक अट अशी की, ६५ वर्षांवरील कोणत्याही कलावंतास वा कामगारास चित्रीकरणाच्या जागी येऊ देऊ नये. हेतू चांगला होता, कारण वृद्धांना या रोगाचा धोका अधिक होता. परंतु ज्यांची चूल रोजच्या बोलावण्यावर पेटते अशा वृद्ध नटांवर त्यामुळे उपासमारीची पाळी आली. सत्तर वर्षांच्या एका नटाने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. दुकाने आणि इतर व्यवसाय यांना जी वयाची मर्यादा नाही ती केवळ या एकाच धंद्याला का, आणि धडधाकट माणसास कमाईच करू दिली नाही तर त्याने मानाने जगावे कसे, असा विचार करून न्यायालयाने ७ ऑगस्ट २०२० रोजी ती अट रद्द केली.

या निकालाचे वृद्ध कलावंतांनी स्वागत केले, आणि ते योग्यच होते. मुंबई-ठाण्यात रोगाचा जोर असल्यामुळे कित्येक निर्मात्यांनी आपला मुक्काम जिल्ह्यांच्या गावी हलविला. फलटण हे नाईक निंबाळकरांच्या संस्थानाची राजधानी, सईबाईंचे माहेर. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि बाणगंगेच्या काठचे हे गाव तालुक्याचे ठाणे बनले. त्या तालुक्यातील हिंगणगावास ‘आई माझी काळुबाई’ या मालिकेचा तळ पडला. मांढरदेवीच्या डोंगरावरील काळूबाई हे सातारा जिल्ह्याचे जागते दैवत. तिच्या भक्तीची ही कथा. मालिकेच्या निर्मात्या अलका कुबल या ‘माहेरची साडी’ (१९९१) च्या नायिका. त्याच चित्रपटात आशालताबाईंनीही काम केले होते. जुन्या स्नेहाच्या बोलावण्यावरून त्या आल्या. १४ सप्टेंबर रोजी मालिकेचा पहिला भाग दाखविला गेला. थोड्याच दिवसांत तळावर रोग शिरला, अनेकांना बाधा झाली, आणि त्या माणसांत आशालताबाई होत्या. प्रेक्षक त्यांना पडद्यावर पाहू लागले न लागले तोच त्या गेल्याची वार्ता आली. अंत्यसंस्कारही साताऱ्यातच झाले. ज्या आवाजाने मुंबई-पुण्याची नाट्यगृहे भरली, त्याला निरोप देण्यास रोगाच्या निर्बंधांमुळे मोजकी माणसेच होती.

या घटनेवरून दोन प्रकारचे निष्कर्ष त्या वेळी काढले गेले. वृद्धांना घरी बसविण्याची अट बरोबर होती, असे काहींनी म्हटले. अखेरपर्यंत तोंडाला रंग लावून जाणे हेच नटाचे भाग्य, असे इतरांनी म्हटले. याच सातारा जिल्ह्यातील सिद्धेश्वर कुरोलीचे राजा गोसावी १९९८ साली पुण्यास प्रयोगाची रंगभूषा करीत असताना गेले, तेव्हाही असेच उद्गार निघाले होते. दोन्ही म्हणण्यांत एक सोय दडलेली आहे. पहिल्याने वृद्ध कलावंताचे पोट विचारात घ्यावे लागत नाही. दुसऱ्याने त्याचे शरीर विचारात घ्यावे लागत नाही.

महाराष्ट्र सरकार १९५४-५५ पासून वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देत आले आहे. ती कृतज्ञता मोलाची. पण मानधन हे काम न करणाऱ्याचा आधार आहे. काम करू इच्छिणाऱ्या वृद्धाला आधाराचे दुसरे रूप हवे असते : ठरलेले आणि बेताचे तास, चित्रीकरणाच्या जागेजवळ वैद्यकीय सोय, आजारपणाचा विमा, प्रवासाची नीट तजवीज, आणि नकार देण्याची मोकळीक, आज येत नाही म्हटले तर उद्याचे बोलावणे बंद होणार नाही, एवढा विश्वास. न्यायालयाने काम करण्याचा हक्क राखिला. त्या हक्काभोवती सुरक्षिततेची भिंत बांधणे हे काम न्यायालयाचे नसते. ते निर्मात्यांचे, वाहिन्यांचे, कलावंतांच्या संघटनांचे आणि सरकारचे असते.

आणि थोडेसे प्रेक्षकांचेही. रोज संध्याकाळी घरोघर जी आजी पडद्यावर येऊन नातवंडांना जवळ घेते, ती वेष उतरविल्यावरही आजीच असते. तिचेही गुडघे दुखत असतात, तिलाही वेळेवर जेवण आणि औषध लागते. आशालता वाबगावकर यांनी छप्पन्न वर्षांहून अधिक काळ मराठी आणि हिंदी प्रेक्षकांची सेवा केली. मत्स्यगंधेपासून आजीपर्यंतची प्रत्येक भूमिका सारख्याच निष्ठेने केली. त्यांचे स्मरण करताना केवळ गाण्यांची आठवण काढून थांबू नये. त्यांच्या मागून त्याच वयाची जी माणसे आजही पहाटे उठून चित्रीकरणास जातात, ती संध्याकाळी सुखरूप घरी परतावीत, याची व्यवस्था लावणे हेच त्या स्मरणाला शोभणारे काम होय.