तलावाचा सांडवा मोकळा ठेवू या

कुणी भाकरी थापत ऐकत असेल, कुणी वखारीत कांदा निवडत. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

मी शिरूर आणि दौंड तालुक्यांत बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. एरवी आपण हप्ता, कर्ज, व्याज यावर बोलतो. आज बोलायचं आहे ते आपल्या गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाझर तलावाबद्दल. ज्याच्यामुळे आपल्या विहिरीला पाणी येतं आणि ज्याच्याकडे आपण वर्षभर ढुंकूनही बघत नाही, त्या तलावाबद्दल.

आपला भाग कसा आहे बघा. घोड आणि भीमेच्या काठाला ऊस डोलतो. पण शिरूरमधलं पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई घ्या, नाहीतर दौंडमधला खोर, पडवी, कुसेगावचा पट्टा घ्या. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही दोन-चार दणक्यांत पडून मोकळा होतो. एका एकरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे १ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे दहा हजार लिटरचे १० टँकर, एका एकरावरचे! सगळं पाणी वाहत नाही, काही जमिनीत मुरतं. पण माळरानावरून जे धावतं ते ओढ्यात येतं, माती घेऊन जातं, आणि चार तासांत ओढा पुन्हा कोरडा पडतो.

हे धावतं पाणी थांबवायला पाझर तलाव बांधले. १९७२ च्या दुष्काळात आपल्या सासवा-आज्या डोक्यावर पाट्या घेऊन याच भिंतींवर माती टाकत होत्या. पुढे रोजगार हमीतूनही असे पुष्कळ तलाव झाले. तलाव दोन कामं करतो. पाणी अडवून जमिनीत मुरवतो, त्यामुळे खालच्या विहिरी उन्हाळ्यात तग धरतात. आणि दणक्याचा पाऊस आला की पुराचा पहिला लोंढा स्वतःच्या पोटात घेतो, बाकीचं पाणी दमानं पुढे सोडतो. त्यामुळे ओढ्याकाठची वस्ती आणि वावरं वाचतात.

पाणी पुढे सोडतो तो कुठून? तर सांडव्यावरून. भिंतीच्या एका बाजूला, माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर मुद्दाम ठेवलेली ती वाट. आपल्या घराला जशी मोरी, तसा तलावाला सांडवा. मोरी तुंबली की पाणी घरात येतं. सांडवा तुंबला की पाणी भिंतीवर चढतं. आणि मातीच्या भिंतीवरून पाणी वाहायला लागलं की ती टिकत नाही. आधी एक घळ पडते, ती रुंदावत जाते आणि थोड्या वेळात भिंतीचा तुकडाच निघून जातो. मग वर्षभराचं पाणी एकाच वेळी खालच्या वस्तीवर येतं.

आता माझी चूक सांगते. २०२० सालची गोष्ट. तलाव काठोकाठ भरला होता आणि सांडव्यावरून पाणी वाहून चाललं होतं. गावातल्या काहींनी ठरवलं, सांडव्यावर वाळूची पोती रचू, हातभर पाणी जास्त साठेल. गटाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा मीच म्हणाले, "रचू द्या की, उन्हाळ्यात महिनाभर तरी टँकर लागणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. एक मावशी मात्र बोलल्या. बहात्तर साली त्यांनी पोरवयात त्याच भिंतीवर माती वाहिली होती. त्या म्हणाल्या, "बाई, पाण्याची वाट बुजवली की पाणी आपली वाट स्वतः काढतं. ती कुणाच्या घरावरून जाईल ते सांगता येत नाही." आम्ही ऐकून घेतलं आणि हप्त्याचा हिशेब पुढे चालू केला.

मग ऑक्टोबरचा परतीचा पाऊस आला. १४ तारखेला दौंड, इंदापूर, बारामतीकडे त्यानं काय केलं ते तुम्हाला आठवत असेल. आमच्याकडे दुपारीच आभाळ काळंकुट्ट झालं. मावशी छत्री न घेताच माझ्या दारात आल्या. "पोती काढायला लावा, आत्ताच." पाण्याला जोर यायच्या आत माणसांनी पोती बाजूला ओढली. भिंतीखालच्या घरांतल्या बायकापोरांना आम्ही शाळेत नेलं. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी भिंतीवर जाऊन पाहिलं, तर काडीकचऱ्याची रेघ माथ्यापासून वीतभर खाली लागली होती. पोती तशीच असती तर ती वीत उरली नसती. त्या रेघेकडे बघताना मला माझंच वाक्य आठवत होतं.

एक सांगून ठेवते. सांडव्यावरून जोरात पाणी वाहत असताना त्यात उतरून काही काढायला जाऊ नका. तेव्हा फक्त माणसं हलवायची.

भिंत फुटणं ही लांबची गोष्ट नाही. १२ जुलै १९६१ ला आपल्याच जिल्ह्यात पानशेत फुटलं. भराव खचून माथा खाली बसला आणि पाणी वरून गेलं, पुढे पुण्यात काय झालं ते जुनी माणसं अजून सांगतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या वर माणसं गेली. तिथल्या गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती.

२०२१ साली देशात धरण सुरक्षा कायदा झाला. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काही धरणांना लागू होतो. आपले बहुतेक पाझर तलाव त्याहून बुटके. म्हणून त्यांच्यावर गावाचीच नजर पाहिजे. आणि भिंतीखालच्या ओढ्यावर धुणं धुवायला, शेळ्या घेऊन रोज जातं कोण? आपणच.

तर काय बघायचं ते सांगते. वर्षातून तीनदा चक्कर मारा. मृगाच्या आधी, पोळ्याच्या सुमाराला आणि हस्ताच्या पावसाआधी.

पहिलं, सांडवा. त्यात बाभळी, दगड, माती, पोती काही नको. सांडव्याखालची चारी कुणी नांगरून वावरात घेतली आहे का तेही बघा.

दुसरं, भिंत. वेडी बाभूळ वाढली का, घुशींची, खेकड्यांची बिळं आहेत का, भेग पडली का. ट्रॅक्टर जाऊन जाऊन माथा एका जागी खाली बसला का. पाणी आधी तिथूनच उलटतं. झाड मोठं असेल तर मुळासकट उपटू नका, खड्डा पडेल. अभियंत्याला विचारून काम करा.

तिसरं, गळती. भिंतीच्या पायथ्याशी थोडं निवळ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवा. पाणी गढूळ असेल किंवा दिवसेंदिवस वाढत असेल, तर आतली माती वाहून चालली आहे असं समजा. काचेच्या बाटलीत ते पाणी भरून रात्रभर ठेवा. तळाला माती बसली तर दुसऱ्या दिवशी वाट बघायची नाही, लगेच कळवायचं.

चौथं, गाळ. गाळ काढणं चांगलंच आहे, वावर सुधारतं. पण भिंतीच्या पायथ्यालगत जेसीबी लावू देऊ नका, आणि भिंतीची माती तर कुणालाच नेऊ देऊ नका.

कळवायचं कुणाला? साधारण १०० हेक्टर सिंचनक्षमतेपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्याहून मोठे मृद व जलसंधारण विभागाकडे. ग्रामपंचायतीत विचारून आपला तलाव कुणाचा ते आधीच वहीत लिहून ठेवा. अर्ज लेखी द्या, फोटो जोडा आणि पोच घ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. तिथे हा विषय मांडा आणि ठरावात लिहून घ्या. भिंत खचताना दिसली तर आधी खालच्या वस्तीला उठवा, मग ११२ किंवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा.

आमच्या गटानं आता एक नियम केला आहे. मे महिन्याची बैठक देवळात घ्यायची नाही, तलावाच्या भिंतीवर घ्यायची. हप्ते तिथेच गोळा होतात आणि उठताना सगळ्याजणी सांडव्यापर्यंत चालत जातो. मावशींचे गुडघे दुखतात, पण पुढे त्याच असतात.

हातभर जास्तीच्या पाण्याचा मोह मलाही झाला होता, तुम्हालाही होईल. पाणी जास्त हवं असेल तर गाळ काढा, माळावर चर खणा, बांधबंदिस्ती करा. सांडव्याला मात्र हात लावू नका.

येत्या बैठकीत तुमच्या तलावाचं नाव वहीत लिहा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.