निनावी चेहऱ्यांचा बाजार

मुंबईत भेंडीबाजाराला लागून मटन स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानांमुळे ती आणि तिच्या आसपासच्या गल्ल्या चोरबाजार या नावाने देशभर ठाऊक आहेत. तेथील गलबल्यावरून प्रथम ‘शोर बाजार’ हे नाव पडले व पुढे त्याचे चोरबाजार झाले, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, या गल्लीत शिरणाऱ्याला पहिली जाणीव होते ती आवाजाचीच. कोठे पत्र्यावर हातोडी पडत असते, कोठे हातगाडीवाला वाट मागत असतो, तर कोठे जुनी तबकडी वाजते की नाही हे पाहण्यासाठी कोणी ग्रामोफोनला किल्ली देत असतो.

माझ्यासारख्या छायाचित्रकाराला मात्र येथे ओढून आणतो तो उजेड. गल्ली अरुंद, ऊन खाली उतरते ते थोडाच वेळ. तेवढ्यात ते पितळी घंगाळावरून काचेच्या हंडीवर जाते, हंडीवरून जहाजावरच्या जुन्या दिव्यावर आणि तेथून शिसवी कपाटाच्या आरशावर. शुक्रवारी दृश्य पालटते. त्या दिवशी जुन्या वस्तूंची बहुतेक दुकाने बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावरच बाजार भरतो.

येथे कॅमेरा काढण्यापूर्वी दोन शब्द बोलावेत, हे उत्तम. जुन्यात नव्याची भेसळही येथे पुष्कळ. ती ओळखावी कशी, हे असे बोलता बोलताच कळते. मुद्दाम जुनी भासविलेली वस्तू सर्वत्र सारखीच काळवंडलेली असते. खरोखर वापरलेली वस्तू झिजते ती जेथे माणसाचा हात लागला तेथेच: मूठ, कडी, झाकणाचा कोपरा. म्हणजे वस्तूचे खरेपण पाहावयाचे ते तिला हाताळणाऱ्या माणसाच्या खुणेवरून.

पण माणसाचीच प्रतिमा येथे विकावयास येते, तेव्हा काय दिसते? जुन्या छायाचित्रांचे गठ्ठे या बाजारात हमखास आढळतात. रंगविलेल्या पडद्यापुढे खुर्चीवर बसलेले पागोटेवाले गृहस्थ, शेजारी नऊवारीतील बाई, जरीची टोपी घातलेले मूल. मुंबईत फोटोग्राफीची संस्था १८५४ सालीच स्थापन झाली होती. राजा दीनदयाळ यांनी येथे १८९६ मध्ये आपला स्टुडिओ काढला. त्या काळी तसबीर काढविणे हा घरातील एक सोहळाच असे. अशा चित्रांच्या जाड पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव पुष्कळदा सोनेरी अक्षरांत छापलेले असते. समोर बसलेल्या माणसाचे नाव मात्र बहुधा कोठेच नसते. चित्र काढणारा उरला, ज्याचे काढले तो हरवला, हे माझ्या व्यवसायाला काही भूषणावह नव्हे. घरच्यांना नाव लिहिण्याची गरज वाटली नसेल, कारण आजोबांना कोण ओळखत नव्हते? दोन पिढ्यांनंतर कोणीच ओळखेनासे झाले.

घरे बदलतात, बदललीही पाहिजेत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील एक जुनी इमारत कोसळून ३० हून अधिक माणसे दगावली. तडे गेलेली भिंत छायाचित्रात मोहक दिसते. तिच्या आधाराने राहणाऱ्याला ती मोहक कशी वाटावी? याच परिसरातील जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचे काम एका न्यासाने हाती घेतले आहे. शहरोशहरी असेच चालू आहे. परंतु बिऱ्हाड हलविताना भांडी मोजून बांधली जातात, आणि भिंतीवरील तसबिरी ‘या कोणाच्या?’ एवढ्या एका प्रश्नापाशी अडून रद्दीत जातात.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि फोनमध्ये हजारो चित्रे आहेत. त्यांनाही नाव नाहीच. म्हणून श्रोत्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, घरातील जुनी छायाचित्रे एकदा बाहेर काढावीत. प्रत्येकाच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, हात हलका ठेवून, नाव, नाते, गाव आणि साल लिहावे. शाई वापरू नये; ती कालांतराने कागदातून पुढे उमटते. वडीलधारी माणसे बोटाने चेहरा दाखवून ‘ही माझी आत्या’ असे सांगू शकतात, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.